बंदुकीमागचा खांदा

दुसऱ्याच्या खांद्यावर बंदूक ठेवून बार काढणं हा आपल्याकडचा फार जुना आणि लोकप्रिय उद्योग आहे. साहेब मॅनेजरच्या खांद्यावर ठेवतो, मॅनेजर हेडक्लार्कच्या, हेडक्लार्क आमच्यासारख्याच्या, आणि आमच्यासारखा घरी येऊन मुलाच्या प्रगतिपुस्तकावर बार काढतो. बार कुठे लागला, कोण पडलं, याची चर्चा पुढे आठवडाभर चालते. पण ज्या खांद्यावर ती बंदूक ठेवली होती त्या खांद्याचं पुढे काय झालं, अशी चौकशी कोणी केल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

मला ती करावी लागली. कारण या खेपेला बंदूक खरी होती, बारा बोअरची, दुनळी. आणि खांदा माझ्या काकांचा होता.

बंदुकीशी माझा संबंध तसा रोजचा आहे. आमच्या बँकेच्या कोल्हापुरातल्या शाखेत दारापाशी एक माजी सैनिक दुनळी घेऊन स्टुलावर बसतात. गेली अकरा वर्षं मी त्या बंदुकीसमोरून डबा घेऊन आत जातो आणि रिकामा डबा घेऊन बाहेर येतो. तिने आजवर एकदाही तोंड उघडलेलं नाही. आमच्या शाखेत इतका संयम दुसऱ्या कोणाकडेही नाही. त्यामुळे बंदूक ही एक शांत, शोभेची, किंचित गंजलेली वस्तू असते अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

ती काकूच्या फोनने मोडली.

काकू फोनवर नेहमी ओरडून बोलते. सिंधुदुर्गातून कोल्हापूरपर्यंत आवाज पोचवायचा तर फोनवर कितपत विसंबायचं, असा तिचा विचार असतो. पण त्या रविवारी ती कुजबुजत होती.

"रे, तुझ्या काकांचो खांदो गेलो."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे असा जाग्यार, पण वर जाणा नाय. आणि मी सांगलंय म्हणान सांगू नको हां!"

पुढे कळलं ते असं. काकांनी दोन महिन्यांत एकही बार काढला नव्हता. बंदूक रोज निघायची, तेल-फडक्याने पुसली जायची आणि पुन्हा कपाटात जायची. भात पोटरीला आलं होतं आणि रानडुकरं शेतात स्वतःच्या मालकीच्या असल्यासारखी फिरत होती. विचारलं की काका म्हणायचे, काडतुसं महाग झाली. दुसऱ्या दिवशी म्हणायचे, माकडं आता शहाणी झाली, आवाजाला भीत नाहीत. तिसऱ्या दिवशी, पाऊस आहे. पण आंघोळीच्या वेळी पाठमोरे असताना काकूने पाहिलं, तर उजव्या दंडावर वांग्याच्या रंगाचा डाग.

इथे बंदुकीची थोडी ओळख करून द्यायला हवी. ती माझ्या आजोबांची. आजोबा म्हणजे सहा फूट उंच, आणि माजघरातल्या फोटोत ते बंदूक घेऊन असे उभे आहेत की फोटोग्राफर त्यांच्यासमोर ओंजळीत जीव धरून उभा असावा. घरातली कथा अशी की १९४७ साली बेळगावच्या कॅम्पातला एक साहेब आपल्या देशाला निघाला, तेव्हा सामानाच्या विक्रीत आजोबांनी ती घेतली. साहेब गेला, स्वातंत्र्य आलं, आणि बंदूक आमच्याकडे राहिली. १९८४ साली आजोबा गेले. शेतीसंरक्षणाचा परवाना काकांच्या नावावर झाला आणि बंदूक काकांच्या खांद्यावर आली.

शेतीसंरक्षण हा शब्द मी जपून वापरतो आहे. काकांनी त्या बंदुकीने आजवर एकही जनावर मारलेलं नाही. रानडुकराला मारायचं तर वनखात्याची परवानगी लागते, आणि माकडाला मारायचं तर काकूची; ती मारुतीची भक्त असल्यामुळे वनखातं परवडलं. काका नुसता हवेत बार काढतात. आवाज झाला की जनावर पळतं, शेत वाचतं आणि सर्वांचा धर्मही राहतो. निवडणूक आली की मात्र परवान्याची बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागते. २०२४ साली लोकसभा झाली आणि विधानसभाही झाली. "मतदान माणसांचा आणि फायदो डुकरांचो," असं काकांचं त्या वर्षाचं राजकीय विश्लेषण होतं.

मी दुसऱ्या शनिवारी गावी गेलो. काकांनी माझ्याकडे संशयाने पाहिलं. "तू कित्या इलंस?" मी म्हटलं, सहज. सहज गावी येणारा माणूस काकांनी आयुष्यात पाहिलेला नाही. गावी येतो तो एकतर गणपतीला, नाहीतर वाटणीला.

संध्याकाळी त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवून एक बार काढायला लावला. मी पाच हातांवर उभा होतो. काकांनी मान लांब केली, डावा हात ताणला, पाय फाकले आणि बार काढला. आवाजाने मी कानावर हात ठेवले, आणि काका दोन पावलं मागे आले. ते मागे आले नाहीत असं त्यांनी लगेच सांगितलं. मग बंदूक डाव्या हातात घेऊन ते घराकडे चालू लागले. उजवा हात त्यांनी खिशात घातला होता. लेंग्याला खिसा नव्हता.

सोमवारी मी आमच्या रखवालदारांना गाठलं. अकरा वर्षांत प्रथमच कोणीतरी त्यांना बंदुकीबद्दल विचारत होतं. त्यांनी ताबडतोब आपली दुनळी उलटी करून दस्त्याचं बूड दाखवलं. तिथे काळ्या रबराची जाड पट्टी दोन स्क्रूंनी बसवली होती. "हे पॅड, साहेब. बंदूक मागे लाथ मारते ना, ती हे खातं. तुमच्या काकांच्या बंदुकीला आहे का?" मी आठवून पाहिलं. काकांच्या बंदुकीच्या बुडाला चौकड्या कोरलेलं नुसतं लाकूड होतं. म्हणजे १९८४ सालापासून लाकूड आणि काका यांच्यामध्ये फक्त एक बनियन होतं.

मी बी.कॉम. असल्यामुळे विज्ञानाशी माझं वैर नाही, नुसती ओळख नाही. पण हा विषय तपासला तर तो सरळ जमाखर्चाचा निघाला. न्यूटनने १६८७ साली लिहून ठेवलंय की क्रिया होते तेवढीच उलट प्रतिक्रिया होते. म्हणजे डेबिट तितकं क्रेडिट. तीस ग्रॅम छर्रे सेकंदाला साडेतीनशेच्या वर मीटर वेगाने पुढे गेले, की तीन किलोची बंदूक सेकंदाला साडेचार-पाच मीटरने मागे आलीच पाहिजे. ताशी हिशेब केला तर सोळा-सतरा किलोमीटर. बरी चालवलेली सायकल. त्र्याहत्तर वर्षांच्या माणसाच्या दंडावर दर बाराला एक सायकल येऊन आदळते, आणि तो म्हणतो, माका काय्येक झाला नाय!

बर्मिंगहॅमच्या ग्रीनर नावाच्या बंदूकवाल्याने एकोणिसाव्या शतकातच एक ठोकताळा सांगून ठेवला आहे: बंदूक छऱ्यांच्या वजनाच्या शहाण्णव पट जड असावी, म्हणजे लाथ सोसण्याइतकी राहते. तीस ग्रॅमला ही पट दोन किलो आठशे ऐंशी ग्रॅम होते. काकांची बंदूक या परीक्षेत पास होती. मग काका नापास का, हे मला कळेना.

आता काकांना कोल्हापूरला आणायचं कसं? डॉक्टरचं नाव काढलं असतं तर त्यांनी मलाच तपासायला पाठवलं असतं. तेव्हा मी म्हटलं, "काका, बंदुकीचं लाकूड जुनं झालंय. एकदा मिस्त्रीला दाखवून आणू या."

काका लगेच गंभीर झाले. "व्हय रे. तिका आता सोसणा नाय." स्वतःच्या दुखण्यासाठी फोंडाघाटपर्यंतसुद्धा न जाणारा माणूस बंदुकीच्या दुखण्यासाठी फोंडा घाट चढून, राधानगरीवरून, गाडीत तिला मांडीवर घेऊन कोल्हापूरला आला. वाटेत खड्डा आला की ते तिला सावरत होते. उजव्या हाताने मात्र नाही.

परवान्याचं ते दुकान जुन्या पेठेत आहे. मिस्त्री साठीचे, चष्म्याच्या काड्यांना दोरा बांधलेला. त्यांनी काकांकडे पाहिलं नाही, आधी परवाना पाहिला, मग बंदूक. ती मोडून दोन्ही घरं रिकामी असल्याची खात्री केली. नळ्यांतून उजेडाकडे पाहिलं. मग नळ्या सोडवून खालच्या बाजूचे बारीक शिक्के भिंगातून वाचायला सुरुवात केली. आमच्या शाखेत सह्या तपासणारा एक अधिकारी असाच वाचतो, फक्त त्याचा चेक परत जातो.

"बर्मिंगहॅम," मिस्त्री म्हणाले. "हा तिथल्या प्रूफ हाऊसचा शिक्का. १८१३ सालापासूनचं आहे ते. जादा दारू भरून नळी तिथे तपासतात, टिकली तर शिक्का. आणि हे बघा, घर अडीच इंचाचं. यात अडीच इंचीच काडतूस घालायचं. पावणेतीन इंची आत बसतं, म्हणून चालतं असं समजायचं नाही. उडाल्यावर त्याचं तोंड उघडतं, त्याला पुढे जागा पुरत नाही, आणि दाब वाढतो."

"माका म्हायत असा," काका म्हणाले. मला मात्र तेव्हाच कळलं, आणि मी पाच हातांवर उभा राहिलो होतो ते आठवून घाम फुटला.

मग मिस्त्रींनी नळ्या पुन्हा जोडल्या, रिकामी बंदूक काकांच्या हातात दिली आणि म्हणाले, "काका, डोळे मिटा. नेहमीसारखी खांद्याला लावा. हां. आता हलू नका."

काकांनी लावली. डोळे मिटलेले, मान पुढे. मिस्त्रींनी मला खुणेने जवळ बोलावलं आणि बोटाने दाखवलं. दस्ता खांद्यावर नव्हताच. तो खांद्याच्या बाहेर, दंडाच्या वरच्या भागावर टेकला होता. काकूने वांग्याचा रंग पाहिला होता नेमका तिथेच.

"बंदूक कुणाची?" मिस्त्रींनी विचारलं.

"माझी. परवाने पळय ना!"

"परवान्याने तुमची. मापाने कुणाची?"

काकांनी डोळे उघडले. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बाबांची."

मिस्त्रींनी टेप काढली. पुढच्या चापापासून दस्त्याच्या बुडाच्या मध्यापर्यंतचं अंतर म्हणजे बंदुकीचं माप. शिंप्याकडे जशी बाही, तशी इथे ही. भरलं पावणेपंधरा इंच. सहा फुटी माणसाला चोख. काका पाच फूट चार इंच. ते आजीवर गेले आहेत. त्यांना हवं पावणेचौदा. एका इंचाने लांब असलेली बंदूक खांद्याच्या खळग्यात नीट बसत नाही. वर येताना काखेत अडकते, म्हणून माणूस ती बाहेरून वळसा घालून आणतो आणि दंडावर टेकवतो. खळग्यात बसली तर धक्का सगळं अंग वाटून घेतं. दंडावर बसली तर दंड एकटाच भरतो, जामीनदारासारखा.

"पॅड लावा म्हणजे झालं," मी तज्ज्ञपणे म्हटलं.

मिस्त्रींनी माझ्याकडे दया आल्यासारखं पाहिलं. "साहेब, पॅडला जाडी असते. आधीच लांब असलेल्या बंदुकीला वर पॅड लावलं तर ती आणखी लांब होईल. आधी लाकूड कापावं लागेल."

कापावं हा शब्द ऐकल्याबरोबर काका उभे राहिले.

"कापूचा नाय. आखूड करणा गुन्हो असा!"

"गुन्हा नळी आखूड करण्याचा, काका. शस्त्र कायदा १९५९, कलम सहा. दस्त्याचं लाकूड तुमचं तुम्ही."

कायद्याने मोकळीक दिल्यावर काकांची मोठीच पंचाईत झाली. एरवी आमच्या घरात कोणतीही गोष्ट करायची नसली की कायदा हाताशी असतो. ते काही न बोलता दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. वेळ भरावा म्हणून मिस्त्रींनी माझ्यासमोर पॅडचा संसार मांडला.

पहिलं पॅड मोज्यासारखं, दस्त्यावर चढवायचं. कापाकापी नाही, स्क्रू नाही, पण लांबी वाढवतंच. आमचं काम भागत नव्हतं. दुसरं कडेने भोकं असलेलं, जाळीदार, अमेरिकी तऱ्हेचं. धक्का चांगला खातं, पण या बंदुकीला लावलं असतं तर आजोबांना धोतरावर पळायचे बूट घातल्यासारखं दिसलं असतं. तिसरं नव्या जातीच्या मऊ पदार्थाचं, बोट दाबलं की खळगा पडतो आणि सावकाश भरतो. सगळ्यांत मवाळ तेच. पण ते कापडाला चिकटतं, आणि काकांचा सदरा आधीच दोन जागी रफू केलेला. चौथं विटकरी रंगाचं, भरीव रबराचं. "जुन्या विलायती बंदुकीला हेच शोभतं," मिस्त्री म्हणाले. "या घाटाला सिल्व्हरचं पॅड म्हणतात." पुढे मी वाचलं, की लंडनच्या पूर्वेला या सिल्व्हर कंपनीचा रबराचा कारखाना होता आणि त्याच्यावरून त्या भागालाच सिल्व्हरटाऊन नाव पडलं. पाचवं पॅड म्हणजे असंच रबर, पण वरून पातळ चामडं चढवलेलं. चामडं सदऱ्यावरून सुळकन सरकतं, कुठे अडकत नाही. लंडनच्या उंची बंदुकांना तेच असायचं, आणि किंमतही त्याच बेताची.

मी रंग, किंमत आणि जाडी यांचा तक्ता कागदावर मांडत होतो. लग्नाच्या वेळीसुद्धा मी इतका विचार केला नव्हता. त्या वेळी तक्ता सासऱ्यांनी केला होता. शेवटी पाऊण इंच जाडीचं चौथं पॅड ठरलं. रबर सदऱ्याला अडकू नये म्हणून त्याची वरची कड गोल घासून गुळगुळीत करून देतो, असं मिस्त्री म्हणाले. मग पावकी-निमकीचा हिशेब झाला. पावणेपंधरातून पावणेदोन कापायचे, राहिले तेरा. त्यात पॅडचा पाऊण मिळवला की पावणेचौदा. असा एका दमात टॅली होणारा हिशेब मी बँकेत फार दिवसांत पाहिला नव्हता.

फक्त खातेदाराची सही राहिली होती. मी चहाचे दोन ग्लास घेऊन पायरीवर गेलो.

काका समोरच्या भिंतीकडे पाहत होते. चहा अर्धा झाल्यावर म्हणाले, "सोळा वर्सांचो होतंय. बाबांनी पयलो बार काढूक दिलो. मी मागच्या मागे चिखलात. सगळी हसली. बाबा हसले नाय. माका उठवल्यानी आणि म्हणाले, आता लांब वाटता, वाढलंस काय बसतली."

मी काही बोललो नाही. सोळा आणि त्र्याहत्तर यांतली वजाबाकी माझ्यासारख्याला आपोआप होते. सत्तावन्न वर्षं हा माणूस वाढायची वाट पाहत होता. मधल्या काळात त्याने बहिणींची लग्नं केली, माझ्या वडिलांच्या शिक्षणाला भात विकून पैसे पाठवले, माझ्या फीचे पाठवले, घर दोनदा शाकारलं. बंदूक काही बसली नाही. म्हणून आपणच कुठेतरी कमी पडतो आहोत अशी समजूत करून घेऊन तो दर बाराला दंड पुढे करत राहिला.

ग्लास रिकामा करून काका उठले. "मी काय आता वाढूचंय नाय," ते म्हणाले, आणि आत जाऊन मिस्त्रींना म्हणाले, "कापा."

कापताना ते तिथेच थांबले, पण तोंड कॅलेंडरकडे करून. मिस्त्रींनी दस्त्याला कागदी चिकटपट्टी गुंडाळली, म्हणजे करवतीने लाकडाचा काठ फुटत नाही. तिच्यावर रेघ आखली. ही रेघ नुसती सरळ असून भागत नाही. बुडाचा जो मूळ कल आहे तोच राखावा लागतो; कल चुकला तर बार काढताना दस्ता खांद्यावरून वर किंवा खाली निसटतो. बारीक दातांची करवत सावकाश चालत होती. आवाज फारसा झाला नाही. शंभरीकडे आलेल्या अक्रोडाच्या लाकडाचा वास मात्र दुकानभर पसरला, आणि काकांनी कॅलेंडरवरची अमावास्या तीन वेळा वाचली.

बाकी काम आठ दिवसांचं होतं. बंदूक ठेवून घेताना मिस्त्रींनी तो कापलेला तुकडा कागदात गुंडाळून काकांच्या हातात दिला. "हा टाकू नका. उद्या कुणाला पुन्हा लांब हवी झाली तर जोडता येतो."

आठ दिवसांनी बंदूक आणायला मी एकटा जाणार होतो, आणि माझ्याकडे परवाना नाही. पण याच कायद्याच्या कलम तीनमध्ये सोय आहे: परवानेदाराची लेखी संमती असली, तर दुरुस्तीच्या कामासाठी दुसऱ्याला बंदूक नेता-आणता येते. लेखी संमती म्हटल्यावर मला हुरूप आला. मी दोन परिच्छेदांचा मसुदा पाठवला. काकांनी तो बाजूला ठेवून स्वतःच लिहिलं: "माझी बंदूक माझ्या पुतण्याच्या हाती द्यावी. काडतूस देऊ नये." एवढं स्पष्ट अधिकारपत्र माझ्या नोकरीत मी पाहिलेलं नाही.

मी गेलो तेव्हा शेवटचं काम चालू होतं. जुन्या स्क्रूंची भोकं लाकडी खुंट्या ठोकून बुजवली होती. पॅड मुद्दाम मोठं येतं. ते बसवून कडेने घासत घासत दस्त्याच्या रेषेत आणावं लागतं, आणि घासताना शेजारच्या लाकडाला ओरखडा आला तर मिस्त्रीची अब्रू जाते. मला नवल वाटलं ते स्क्रूंचं. पॅडच्या तोंडावर ते कुठे दिसतच नव्हते. मिस्त्रींनी स्क्रूड्रायव्हरला साबण लावला आणि रबरातल्या एका बारीक चिरेतून आत घातला. स्क्रू आत आवळला गेला, स्क्रूड्रायव्हर बाहेर आला, आणि चीर अशी मिटली की जणू काही झालंच नव्हतं. आत सगळं आवळलेलं आणि वरून काय्येक झाला नाय. आमच्या काकांसाठी याहून योग्य पॅड साऱ्या जगात मिळालं नसतं.

लाकडाला जवसाचं तेल चोळून झालं आणि मी एस.टी.ने निघालो. गवसणीकडे पाहून कंडक्टरने विचारलं, "तबला का सतार?" मी म्हटलं, काकांचं आहे. ते त्याला पुरलं.

संध्याकाळी काकांनी बंदूक हातात घेतली, उलटसुलट केली, आणि विटकरी पॅडवर अंगठा दाबून पाहिला. "कुंकू लावल्यासारख्या दिसता," म्हणाले. मग शेताच्या बांधावर गेले. काकू मागच्या दारात पदर तोंडाला लावून उभी. मी या वेळी पंचवीस हातांवर.

काकांनी बंदूक उचलली. मान लांब झाली नाही, कोपर वाकडं झालं नाही. दस्ता सरळ खांद्याच्या खळग्यात आला. बार झाला. पलीकडच्या आंब्यावरून चार माकडं उतरून पळाली, रानाच्या बाजूला काहीतरी जड धडपडत गेलं, आणि काका जागच्या जागी उभे. त्यांनी दुसरी नळीही उडवली. तिची काही गरज नव्हती. दोन महिन्यांची बाकी होती, ती त्यांनी व्याजासह वसूल केली.

परत येताना बंदूक त्यांच्या उजव्या हातात होती.

"कसा वाटता?" काकूने विचारलं.

"तिका आता बरा वाटता," काका म्हणाले. "लाकूड जुना झाला होता."

काकूने माझ्याकडे पाहिलं, मी काकूकडे. रात्री तिने त्यांच्या दंडाला तेल लावलं तेव्हा, तिच्या सांगण्याप्रमाणे, ते पहिल्यांदाच "नको" म्हणाले नाहीत.

निघताना काकांनी मला कागदाची एक पुरचुंडी दिली. मला वाटलं कोकमं असतील. उघडलं तर तो कापलेला तुकडा: पावणेदोन इंच अक्रोड, मागे चौकड्या कोरलेल्या, आणि सहा फुटी खांद्याने नि पाच फूट चार इंची दंडाने मिळून झिजवलेली एक कड.

"हो तुझो वाटो," काका म्हणाले. "बाबांची उंची असा ती. सांभाळ."

गावच्या जमिनीत माझा वाटा नेमका किती, हे सातबाऱ्यावरची नावं मोजूनही मला आजवर कळलेलं नाही, आणि तलाठ्यालाही सांगता आलेलं नाही. हा तुकडा मात्र निर्वेध माझा आहे. त्यावर बोजा नाही, तारण नाही, दुसऱ्या कोणाचं नावही नाही. सध्या तो शाखेत माझ्या टेबलावर व्हाउचरांवर ठेवलेला असतो. रखवालदार येता-जाता त्याला हात लावून पाहतात. परवा मॅनेजरसाहेबांनी कसल्याशा चुकीची बंदूक माझ्या खांद्यावर ठेवायला आणली, तेव्हा माझा हात आपोआप त्या तुकड्यावर गेला, आणि मी उठून अगदी नम्रपणे म्हटलं, "साहेब, ही माझ्या मापाची नाही."